उन्हाळ कांद्याला मेंढ्या बसवल्यात, आता गोणीतलं खत किती टाकू?

मका_कांदा_येवला

नमस्कार मंडळी. येवला तालुका, दोन एकर मध्यम काळी जमीन. विहिरीचं पाणी मार्चअखेरपर्यंत बरं असतं, पुढं रडतखडत. ठिबक नाही, सारे (लांबट वाफे) पाडून पाटानं पाणी. खरिपात मका होता, तो निघाला. उळं (रोपासाठी बी) टाकलंय, घरचंच उन्हाळ बी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागण धरायचा विचार आहे.

घरात सध्या तीन पक्ष झालेत. वडिलांनी मका निघाल्यावर रानात मेंढ्या बसवल्या. दोन कळप, दोन्ही एकरांवर वाडा फिरवत फिरवत. त्यांचं म्हणणं, एवढं खत पडल्यावर गोणी आणायचीच नाही. चुलतभाऊ म्हणतो, दर पंधरा दिवसाला पाण्याबरोबर शेण-गोमूत्राचं जीवामृत सोड, बाकी सगळा खर्च वाया. आणि दुकानदारानं जी चिठ्ठी लिहून दिलीय ती अशी, एकरी: लागणीला १०:२६:२६ च्या तीन गोण्या आणि बेन्टोनाइट सल्फर १० किलो. महिन्यानं युरिया एक गोणी. पन्नास-पंचावन्न दिवसांनी परत युरिया एक गोणी. सत्तर दिवसांच्या पुढं फुगवणीसाठी १९:१९:१९ ची फवारणी आणि सोबत एक टॉनिक.

गेल्या साली याच चिठ्ठीप्रमाणं खत पडलं होतं. शेतात माल बघून लोक थांबायचे, एवढी पात जोरात होती. कांदाही मोठा निघाला. पण साठवणीच्या चाळीत श्रावण लागता लागता कोंब निघाले, नंतर चाळीखाली पाणी गळायला लागलं. वासानं ओसरीवर बसवेना. शेवटी भाव नसताना काढून विकला.

तर माझा प्रश्न सरळ आहे. मेंढ्या बसल्यात हे धरून एकरी कुठलं खत, किती, कधी? "दोन्हींचा समतोल साधा" असं कृपया कुणी लिहू नका, ते वाचून वाचून कंटाळलोय. आकडे द्या.

पिंपळगावचा_ट्रॅक्टर

आकडे जाणकार देतीलच. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली तेव्हा माझ्या लाल कांद्याचं खत एकदम शिफारशीप्रमाणं होतं, ट्रॉली मार्केटात उभी असताना भाव कुठल्या खतामुळं पडला ते अजून कळलं नाही. असो.

एक विचारतो. मक्याची ताटं बाहेर काढली की रोटाव्हेटर मारून रानातच गाडली? हे नक्की लिहा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

मका_कांदा_येवला

निम्मी ताटं गुरांना कुट्टीला नेली, राहिलेली रोटाव्हेटरनं रानातच. मेंढ्या त्यानंतर बसल्या, मग एका तुकड्याला वखराची एक पाळी दिली.

शेणामातीवाला (संगमनेर)

२०१६ पासून माझ्या रानात युरियाचा दाणा नाही. कांदाही करतो, दरवर्षी. पावसाळ्यात कांद्याच्या तुकड्यात ताग किंवा धैंचा पेरतो, फुलोऱ्याच्या आत गाडतो. वर चांगलं कुजलेलं शेणखत, एकरी दोनशे किलो निंबोळी पेंड आणि जीवामृत. पहिली दोन-तीन वर्षं उतारा घसरला, हे लपवत नाही. आता कांदा मध्यम आकाराचा येतो पण टिकतो, आणि पुण्यातली गिऱ्हाइकं ठरलेली आहेत म्हणून परवडतं.

तुमच्या चुलतभावाची दिशा बरोबर आहे. वडिलांचीही. गोणी सोडा. आणि उद्या 'सेंद्रिय' म्हणून प्रमाणपत्र घेऊन विकायचं मनात असेल तर एनपीओपीच्या (सरकारच्या सेंद्रिय प्रमाणीकरण कार्यक्रमाच्या) नियमात कांद्यासारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतर काळ आहे. त्या काळात मूठभर युरियासुद्धा चालत नाही. म्हणून आजच सुरुवात करा.

देवळ्याची_सूनबाई

भाऊ, आधी तुमच्या चिठ्ठीचा हिशेब मांडू, मग बाकीचं.

गोणीवरचे आकडे म्हणजे शंभर किलोत कुठलं अन्नद्रव्य किती किलो. १०:२६:२६ च्या तीन गोण्या म्हणजे दीडशे किलो. त्यात नत्र १५, स्फुरद ३९, पालाश ३९. युरियाची गोणी ४५ किलोची, दोन गोण्या ९० किलो, त्यात ४६ टक्क्यांनी नत्र ४१ किलो. म्हणजे एकूण नत्र ५६ किलो. राहुरी कृषी विद्यापीठाची कांद्याची शिफारस हेक्टरी १००:५०:५०, ती एकराला येते ४०:२०:२०. तुमचं नत्र चाळीस टक्के जादा, स्फुरद आणि पालाश जवळजवळ दुप्पट. यात मेंढ्यांचं खत अजून धरलंच नाही. आणि ज्याची कांद्याला खरी गरज, त्या गंधकाचा १०:२६:२६ च्या गोणीवर आकडाच नाही. म्हणून तर तो बेन्टोनाइटचा डबा वेगळा विकावा लागतो.

आता तुमच्या चाळीबद्दल. आमच्याकडं चाळीतली निवड सासूबाई आणि मी करतो. माणसं लागणीपासून काढणीपर्यंत शेतात फिरून "काय पात आहे!" म्हणतात, पण खत कसं लागू पडलं ते निवडायला बसल्यावर कळतं. कांदा हातात आला की अंगठा पहिला मानेवर जातो. बारीक, कोरडी, आपोआप पिळून मिटलेली मान असली की तो कांदा निवांत राहतो. जाड मान दाबली की आत लिबलिबीत लागते, वरचं टरफल सुकलेलं पण मधली पात अजून जिती. बुरशी तिथूनच खाली उतरते, नाही तर तिथूनच कोंब वर येतो. मग तो एकटा सडत नाही, शेजारच्यांना ओलं करतो. आम्ही चाळ भरताना तुकड्यातुकड्याचा माल वेगळ्या कप्प्यात भरतो. ज्या तुकड्यात उशिरा युरिया पडला त्याचा कप्पा कुठला, हे पावसाळ्यात अंधारात वासावरून सांगता येईल.

कारण साधं आहे. लागणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी कांदा पोसायला लागतो. तिथून पुढं पातीतलं सगळं खाली उतरायला हवं आणि शेवटी माना पडायला हव्यात. अशा वेळी पन्नास-पंचावन्नाव्या दिवशी युरियाची अख्खी गोणी पडली की झाड परत पात काढायच्या मागं लागतं. कांदा मोठा दिसतो खरा, पण त्यात पाणी जास्त, मान जाड, जोडकांदेही वाढतात. वर कोवळी हिरवीगार पात फुलकिड्यांना आणि करप्याला आमंत्रण. मग त्याच्या फवारण्या. दुकानदाराचं नुकसान कुठंच नाही. तुमचा माल श्रावणात का गेला याचं मोठं उत्तर त्या दुसऱ्या गोणीत आणि सत्तर दिवसांनंतरच्या १९:१९:१९ मध्ये आहे. काढणीआधी पाणी कधी तोडलं, कांदा सावलीत सुकवला की थेट चाळीत लोटला, तेही बघा. खतावर सगळं खापर फोडू नका.

युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ना, तिथंच हात सैल सुटतो. अमोनियम सल्फेट किंवा सुपर फॉस्फेटला माणूस दहा वेळा विचार करतो.

आता वडिलांचं म्हणणं. मेंढीखत शेणखतापेक्षा बरंच जोरकस. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, मेंढी-शेळीच्या लेंडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. शिवाय मेंढ्यांचं मूत जागेवरच मुरतं. पण दोन गोष्टी. एक, वाडा हलला की लगेच वखर फिरवायला हवा, दुसऱ्या दिवशी नाही तर फार तर तिसऱ्या. उघड्यावर राहिलं की नत्राचा अमोनिया होऊन उडतो, तो जो डोळ्याला झोंबतो ना, तेच तुमचं नत्र. दुसरं, सेंद्रिय खतातलं सगळं नत्र पहिल्याच पिकाला मिळत नाही. साधारण तिसरा हिस्सा धरा. राहिलेलं पुढच्या पिकांना. स्फुरद-पालाश त्यापेक्षा लवकर हाती लागतं.

आणि संगमनेरच्या दादांना एक सांगायचंय, भांडण म्हणून नाही. जीवामृताचा हिशेब मी एकदा कागदावर केला. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. शेणातलं, मुतातलं, बेसनातलं नत्र सगळं मिळून पाव किलोच्या आसपास जातं. कांद्याला एकरी ४० किलो लागतं. दर पंधरवड्याला सोडलं तरी हंगामात दोन किलो होणार नाही. तेव्हा मेंढ्या नाहीत, ताग नाही, पेंड नाही आणि नुसतं जीवामृत, असं कुणी करत असेल तर तो आधीची पुंजी खातोय.

अजून एक. 'सेंद्रिय म्हटलं की मान बारीकच' असंही नाही. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लागतो. थंडीत जमिनीतले जिवाणू सुस्त, त्यामुळं शेणखतातलं नत्र सुटतं हळूहळू. पहिल्या दीड महिन्यात, जेव्हा पिकाला भूक असते तेव्हा ते हात आखडतं. आणि फेब्रुवारी संपता संपता ऊन तापलं की सढळ हातानं सोडायला लागतं, नेमकं आपल्याला नको तेव्हा. डिसेंबरात अर्धकच्चं शेणखत ट्रॉल्या भरभरून टाकलेल्या रानात मी युरियाशिवाय जाड माना बघितल्यात. म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलं आणि लागणीच्या बरंच आधी पडलं पाहिजे, आणि सुरुवातीच्या भुकेला थोडं गोणीतलं नत्र हाताशी पाहिजे. दोन्ही लागतात ते एवढ्यासाठी. कच्च्या शेणखतानं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तणाचं बी येतं, ते वेगळंच. कोंबडखत ताजं असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, रोपं भाजतात.

तुमच्याकडं माती परीक्षण झालंय का? असेल तर टाका इथं, मग नेमकं सांगते. उगीच हवेत आकडे फेकत नाही.

शेणामातीवाला (संगमनेर)

ताई, पाव किलोचा हिशेब बरोबर आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण जीवामृत हे विरजण आहे, दूध नाही. जिवाणूंसाठी सोडायचं, नत्रासाठी नव्हे. नैसर्गिक शेतीवाले पाळेकर गुरुजीही त्याला खत म्हणत नाहीत. दूध म्हणून माझ्याकडं ताग आहे, पेंड आहे. ज्यांच्या रानात काहीच गाडलेलं नाही त्यांनी विरजणाच्या भरवशावर राहू नये, हे मान्य.

थंडीतल्या नत्राचा मुद्दा मलाही पहिल्या वर्षांत नडला होता. आता मी निंबोळी पेंड लागणीच्या तीन आठवडे आधी मातीत मिसळतो आणि लागण थोडी अलीकडं ओढतो. शेणखत तर पावसाळ्यातच पडतं. युरिया नाहीच, त्यावर मी ठाम. पण येवल्याच्या भावाला याच हंगामात चाळ भरायची आहे आणि रानात ताग गाडलेला नाही, हेही दिसतंय.

मका_कांदा_येवला

ताई, एवढं कुणी फोडून सांगितलं नव्हतं. मातीचा अहवाल उन्हाळ्यात काढलेला होता, कपाटात पडून होता. हे घ्या:

सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुना ९ टक्के, उपलब्ध स्फुरद हेक्टरी १६ किलो, पालाश हेक्टरी ५१० किलो. गंधक कमी, जस्त कमी, बाकी ठीक असं लिहिलंय.

वाडा हलल्यावर वखर लगेच मारता आला नाही, एका तुकड्यात आठवडाभर राहिलं. वडिलांना आता अमोनियाचं सांगितलं तर म्हणाले, "आम्ही काय नाकानं शेती केली का?" पण दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा वखरून टाकला स्वतःच.

देवळ्याची_सूनबाई

वडिलांना नमस्कार सांगा. माझे सासरेही अगदी असंच बोलायचे आणि असंच करायचे.

अहवाल आपल्या भागातल्या बऱ्याच रानांसारखाच आहे. पालाश भरपूर, चुनखडी बऱ्यापैकी, कर्ब कमी, गंधक आणि जस्त तुटीत. म्हणजे दुकानदाराच्या चिठ्ठीत पालाश जवळजवळ दुप्पट, आणि तेच तुमच्याकडं आधीच पडून आहे. जस्त तुटीत, ते चिठ्ठीत नाहीच.

एका एकराचं सांगते, दोनाला दुप्पट करा.

स्फुरदासाठी १०:२६:२६ किंवा डीएपी नको, सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. अडीच गोण्या, म्हणजे १२५ किलो. १६ टक्क्यांनी स्फुरद २० किलो होतं, आणि ११ टक्क्यांनी जवळजवळ १४ किलो गंधक त्यातच येतं. तेवढं कांद्याला पुरतं. मग बेन्टोनाइटचे पैसे वाचले. बेन्टोनाइट वाईट नाही, पण त्यातला गंधक जिवाणूंनी बदलल्याशिवाय मुळाला घेता येत नाही, त्याला आठवडे लागतात, थंडीत अजून जास्त. सुपरमधला गंधक लगेच मिळतो. कांद्याचा तिखटपणा, डोळ्यातून पाणी काढणारा तो झणका, सगळा गंधकाचाच. तिखट कांदा चाळीत जास्त टिकतो हे आमच्या सासूबाईंना कुठल्या अहवालाशिवाय माहीत आहे.

पालाश ५१० म्हणजे खूपच. मेंढीखतातलंही आहे. म्युरेट ऑफ पोटॅश शिफारशीच्या निम्मं करा, १५-१६ किलो बस. एकदम बंद करा असं मी म्हणत नाही, मला चाळ भरायची असते तेव्हा थोडं टाकतेच.

जस्तासाठी झिंक सल्फेट ८ ते १० किलो. हे थेट फेकलं तर तुमच्या चुनखडीत अडकून बसेल. दोन-चार पाट्या कुजलेल्या शेणखतात कालवून, किंचित ओलं करून आठ-दहा दिवस गोणपाटाखाली झाकून ठेवा, मग सारे पाडण्याआधी पसरा. आणि सुपरमध्ये मिसळून नको. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, पिकाला दोन्ही मिळत नाहीत.

आता नत्र. इथं पिंपळगावच्या दादांनी विचारलं ते कामाचं आहे. तुम्ही निम्मी ताटं रानात गाडलीत. मक्याचं ताट कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात. त्यामुळं लागणीनंतर तीन आठवड्यांनी पात पिवळी पडते. लोकांना वाटतं बुरशी आली, आणि पंप पाठीवर चढतो. बुरशी नसते, उपाशी असते. मेंढ्यांच्या खतामुळं तुमचं काही प्रमाणात निभावेल, तरी पहिला हप्ता कमी करू नका. कमी करायचा तो शेवटचा. बहुतेक जण याच्या उलट करतात, लागणीला कंजुषी आणि शेवटी उदारपणा.

तर लागणीला युरिया ४० किलो, सारे पाडताना मातीत मिसळून. वर पसरून ठेवू नका, सामू ८.१ मध्ये तोही उडतो. तिसाव्या दिवसाच्या आसपास निंदणी झाली की २२ किलो. पंचेचाळिसाव्या दिवशी मी असते तर पात बघितली असती. पात गर्द असेल तर काहीच नाही. फिकी असेल तर १० किलो, जास्त नाही. त्यानंतर युरिया घरात असेल तर शेजाऱ्याला द्या. सत्तर दिवसांनंतरचं १९:१९:१९ आणि ते टॉनिक, दोन्हीला फाटा.

ज्या तुकड्यात लेंड्या आठवडाभर उघड्या राहिल्या तिथं तिसाव्या दिवशी पात थोडी फिकी दिसेल. घाबरून दुप्पट टाकू नका, त्या तुकड्याला मूठभर जास्त, इतकंच.

फेकताना बघा, पातीवर दव असताना युरिया टाकला की दाणे पातीच्या बेचक्यात चिकटतात आणि तिथं पांढरे चट्टे पडून पात भाजते. दव उतरल्यावर, वाफशावर फेका, मग हलकं पाणी. कांद्याचं मूळ वरच्या वीतभर मातीतच असतं. साऱ्यात गुडघाभर पाणी तुंबवलं की युरिया मुळाच्या खाली जातो आणि आपण म्हणतो लागू पडला नाही. युरिया आणि सुपर आधीच एका ढिगात कालवून ठेवू नका, ओल धरून चिकट होतं, मग हातातून सुटत नाही. वेगवेगळं फेका, नाही तर फेकायच्या वेळीच मिसळा.

कर्ब ०.४२ आहे, तो एका हंगामात वाढत नाही. पुढच्या साली मक्याआधी किंवा मक्यात आंतरपीक म्हणून ताग-चवळी काही तरी बघा. संगमनेरच्या दादांची ती गोष्ट आमच्याकडंही करतो आम्ही, फक्त प्रमाणपत्राच्या वाटेला गेलो नाही.

जुना_कृषी_सहायक

निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो. सूनबाईंनी जवळपास सगळं मांडलंय. दोन गोष्टी जोडतो.

राहुरीची १००:५०:५० ही शिफारस शेणखताच्या जागी नाही, शेणखताच्या जोडीला आहे. हेक्टरी २० ते २५ टन शेणखत धरून ती दिलेली असते. एकराला ८ ते १० टन. तेवढं शेणखत आज कुणाच्या गोठ्यातून निघतं? जनावरं राहिली नाहीत, म्हणून शिफारशीतला शेणखताचा भाग गुपचूप गळाला आणि गोणीचा तेवढा राहिला. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची रब्बीसाठीची मात्रा ११०:४०:६० आणि वर गंधक अशी आहे, म्हणजे नत्र राहुरीपेक्षा थोडं जास्त. त्यामुळं सूनबाईंनी नत्र खाली आणलंय ते मेंढ्या बसल्यात म्हणून. वाचणाऱ्या बाकीच्यांनी मेंढ्या न बसवता तेवढंच टाकलं आणि उतारा बसला तर त्यांना बोल लावू नका.

दुसरं, अझोटोबॅक्टर किंवा अझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, हे तुमच्या चुनखडीच्या रानात नक्की वापरा. स्वस्त आहेत. पाकिटावरची मुदत बघून घ्या, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, आत काही जिवंत नसतं.

मका_कांदा_येवला

सगळ्यांचे आभार. उद्याच सुपर बघतो. आमच्याकडच्या दुकानात "सुपर आता कोण घेतं" म्हणून ठेवतच नाहीत, तालुक्याला जावं लागेल.

सहायक साहेब, शेवटचं एक विचारतो. लागणीच्या वेळी रोपांची मुळं बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून लावतो आम्ही. त्याच पाण्यात हे जिवाणू टाकले तर चालतील का? दोनदा बुडवायला मजूर तयार होत नाहीत.

जुना_कृषी_सहायक

नाही चालणार. बुरशीनाशकाच्या पाण्यात जिवाणू टाकणं म्हणजे पाकिटाचे पैसे बांधावर ओतणं. रोपं बुरशीनाशकातच बुडवा, मजुरांशी वाद नको. जिवाणू चाळलेल्या, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ठेवा आणि लागणीनंतरचं आंबवणीचं पाणी देऊन झाल्यावर आठवडाभरानं, संध्याकाळच्या वेळी साऱ्यांतून हलक्या हातानं पसरा. त्या दिवशी युरिया नको, दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवा.